दिलीपची दोन बोटं

बायकोलाही न सांगितलेली गोष्ट लिहितो. माझ्या मावसभावाच्या हाताला मी फोटोत दोन बोटं जोडली होती, आणि विचारणाऱ्याला सांगितलं होतं, "त्यानंच जोडायला लावली."

सहा वर्षांनी तेच दिलीपला सांगायला नंदुरबारहून सकाळची गाडी धरली. नवापूरनंतर धुक्यात साग, मग व्यारा, बारडोलीकडे ऊस. डोळा लागत होता, उघडत होता. प्रत्येक वेळी खिडकीत दुसराच कुठला तरी हिरवा रंग.

उधन्याला उतरून पर्वत पाटियाची रिक्षा केली. पुढे टेम्पोवर साड्यांचे गठ्ठे आणि त्यांवर गाढ झोपलेला एक माणूस. सगळं शहर कापडावर तरंगतंय असं वाटलं.

रिक्षावाला जळगावकडचा निघाला. माझा कॅमेऱ्याचा स्टँड बघून म्हणाला, "लग्नाची ऑर्डर का भाऊ?"

"नाही."

"मग कोणी गेलं का?"

मी नुसता हसलो. कोपऱ्यावर लोचो (वाफवलेल्या डाळीचा मऊ लगदा, वर तेल आणि शेव) घेतला. अर्धा तसाच राहिला.

मावशी भाकऱ्या थापत होती. "कव्हय निंघना रे भाऊ?" (कधी निघालास?) तिनं विचारलं. दिलीप नुकताच खात्यातून (यंत्रमागाच्या शेडमधून) आला होता. त्याच्या केसांत धाग्याची तुसं होती. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मागात गेलं, तेव्हा तो पंचवीसचा होता.

लग्नासाठी त्याचा फोटो मी याच खोलीत काढला. व्हिडिओ बघून लाइट पेंटिंग नुकतं शिकलो होतो. खिडकीवर चादर टाकून अंधार करायचा, शटर तीस सेकंद उघडं ठेवायचं आणि बॅटरी फिरवायची. उजेड पडेल तेवढंच उमटतं. बॅटरी धरणारा हलत राहिला, तर दिसतच नाही. फोटो सुंदर आला. घरी एडिटिंग करताना मात्र त्या हातावर नजर अडायला लागली. उजव्या हाताची दोन बोटं उलटी करून डाव्याला लावली आणि फोटो परस्पर मध्यस्थाला पाठवला.

शहाद्याची माणसं बघायला आली. दिलीपनं पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि मुलीचे, वैशालीचे, वडील त्याच्या हाताकडे बघतच राहिले. स्थळ मोडलं.

आता हे सगळं त्याच्यासमोर बोललो.

"अ‍ॅप आपोआप करतं, म्हणाला होतास," दिलीप म्हणाला.

"खोटं होतं."

"आणि मध्यस्थाला?"

"तूच करायला लावलंस, असं सांगितलं."

भाकरी थापण्याचा आवाज थांबला. "सहा वरीस मी मन्हा पोरलेच बोलत ऱ्हायनू," मावशी म्हणाली (सहा वर्षं मी माझ्या पोरालाच बोल लावत राहिले). माझ्याकडे तिनं बघितलं नाही.

दिलीप म्हणाला, "वैशालीनं फोनवर विचारलं होतं, बोटं नव्हती तर नव्हती, लपवली कशाला? मी म्हटलं, मी नाही लपवली. तिनं फोन ठेवला. आता तिचं लग्न झालंय, काही जुळवायचं नाही. पण त्या घरात मी खोटारडा आहे. तसं नको राहायला."

"मी जातो शहाद्याला."

"जाशील तेव्हा खरं. आधी फोटो काढ. बॅटरी मी धरतो. तुझा भरवसा नाही."

भरदुपारी खिडकीवर चादर टाकली. उजव्या हातातली बॅटरी तो डाव्यावर सावकाश फिरवू लागला, जखमेला तेल लावावं तशी. उजेडात तुसं तरंगत होती. यंत्रमागांची धडधड भिंतीतून दूरच्या पाण्यासारखी येत होती. तीस सेकंद इतके लांब असतात हे मला माहीत नव्हतं.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर तीन बोटं उमटली. पुढे अंधार. दिलीपनं फोटो मोठा करून तपासला. "राहू दे असाच," म्हणाला.

मावशीनं जेवायला वाढलं. स्टेशनवर सोडायला कोणी आलं नाही.

परतीच्या गाडीत बराच वेळ तो फोटो बघत होतो. मी तेव्हा दया केली, असं स्वतःला सांगत आलो होतो. दया नव्हती ती. माझा फोटो बिघडत होता.

घरी येऊन आठ दिवस झाले. शहाद्याला जाऊन वैशालीला आणि तिच्या वडिलांना सांगायचं आहे, की दिलीपनं काहीच लपवलं नव्हतं, ते मी केलं. अजून गेलेलो नाही.