सरांनी दाखवलेली वाट

अश्वजित सर धानोऱ्याकडच्या एका आश्रमशाळेत बावीस वर्षं विज्ञान शिकवत होते. आपल्या शाळेतून एक तरी डॉक्टर व्हावा, हे त्यांच्या मनानं घेतलं होतं. दहावीचा निकाल लागला की ते मोटारसायकल काढत, गावोगावी मुलांच्या घरी जात आणि पुढं काय शिकायचं ते सांगत. लोक ऐकत. सरांशिवाय सांगणारं दुसरं होतं कोण?

त्या वर्षी रंजीता शाळेत पहिली आली. सर दुसऱ्याच दिवशी तिच्या घरी पोचले. तिचा बाप चैतू अंगणात मोहाच्या बिया फोडत बसला होता. सरांनी नागपूरच्या कॉलेजचं, वसतिगृहाचं, डॉक्टरकीच्या परीक्षेचं सगळं सांगितलं.

रंजीता हळूच म्हणाली, "सर, मले शेतीचा डिप्लोमा कराचा हाये."

सरांना नवल वाटायचं कारण नव्हतं. नववीत सहल सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रात गेली, तेव्हा या पोरीनं तिथल्या साहेबांना इतकं विचारलं की गाडी तासभर खोळंबली. घरच्या शेतातल्या बांधीतही तिनं धानाचे पाच वाण वेगवेगळे लावून पाहिले होते. तरीही सर हसले.

"धानच लावाचं होतं तं शाळेत काऊन आली? ते तं तुझा बापही करते."

रंजीता खाली मान घालून बसली. चैतूनं हात झटकले. "आमाले का समजते सर? तुमी म्हनान तसं."

रंजीता नागपूरला गेली. वर्गात सगळं इंग्रजीतून भराभर चाले. हिचं बोलणं ऐकून पोरी हसत, म्हणून तिनं बोलणंच सोडलं. दिवाळीत घरी आली ती अर्धी होऊन. सरांना भेटून म्हणाली, "मले तिथचं काईच समजत नाई सर. मले परत आना."

"पहिले सगळ्याइलेच असं होते," सर म्हणाले. "रडून कोणी डॉक्टर होते का?"

बारावीत ती दोन विषयांत नापास झाली आणि पेटी घेऊन गावी परतली.

सरांना कळलं. तिचं गाव शाळेपासून अवघं अकरा किलोमीटर. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणता म्हणता ते गेलेच नाहीत. कोणत्या तोंडानं जाणार? एकदा बाजारात चैतू समोर आला आणि त्यानंच हात जोडले. "माफ करा सर. पोरीनं तुमचं नाव खराब केलं."

चूक तिची नाही, माझी आहे, एवढंच बोलायचं होतं. सरांच्या तोंडून निघालं ते, "चालते भाऊ, चालते." त्या दिवशी ते भाजी न घेताच घरी गेले.

दोन वर्षांनी त्यांनी धीर केला. रंजीता आता शेजारच्या टोल्यावर, आठ-दहा घरांच्या वस्तीत, नांदत होती. दोन हंगाम तेलंगणात मिरची तोडून आलेली, मांडीवर सहा महिन्यांचं लेकरू. सरांनी खाट घेतली नाही, खालीच बसले.

"चूक माझी होती, रंजीता. डिप्लोमाले अजूनही जाता येते. मी येतो संग."

ती बराच वेळ लेकराचं तोंड पुसत राहिली.

"तवा मी रोज वाट पाहे, सर. फटफटीचा आवाज आला का बाहेर पळत ये. वाटे, सर येतीन, म्हनतीन, होऊन जाते पोरी, आता दुसरं पाहू. सांगनारं दुसरं कोनी मले माईतच नव्हतं."

तिनं लेकरू खाली ठेवलं.

"आता नाई सर. आता मीच ते मनात आनत नाई. चहा घेता?"

तिनं काळा चहा केला. त्यांनी तो घोट घोट घेतला. परतताना सागाच्या जंगलात गाडी थांबवून ते रस्त्याच्या कडेला पोरासारखे रडले.

निकालानंतर सर आजही गावोगावी जातात. पण आता आधी मुलांना विचारतात आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसतात. एक पोरगी नर्सिंगला गेली, एक आयटीआयला. नापास झालेल्याच्या घरी तर ते त्याच दिवशी पोचतात. लोक म्हणतात, सर फार बदलले.

रंजीता यंदाही मिरचीला गेली आहे, लेकराला पाठीशी बांधून.