पंचाहत्तर टक्के सावली

सावळीराम पगारे म्हणजे विचारून पाऊल टाकणारा माणूस. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं जीप चालवली, जिल्ह्यातला एकेक बंधारा तोंडपाठ, तरी फाट्यावर गाडी थांबवून टपरीवाल्याला विचारणारच, “काय हो, रस्ता चालू आहे ना पुढे?” साहेब वैतागायचे. “पगारे, परवाच आलो ना आपण इथून!” तर हा म्हणायचा, “रस्त्याचा काय भरवसा साहेब? विचारलं तर जीभ झिजते का?” घरीही तीच तऱ्हा. भोपळा घ्यायचा तरी तीन ठिकाणी चौकशी. बायको यशोदाबाई कपाळावर हात मारून घ्यायची. “अहो, उद्या श्वास घेऊ का म्हणूनही विचाराल कुणाला तरी!”

अशा या माणसाने जन्मात एकच गोष्ट विचारली नाही.

निवृत्तीच्या वर्षी खात्याने ती जुनी जीप लिलावात काढली, ती सावळीरामनेच घेतली. वर छप्पर नाही, बाजूला दारं नाहीत. लोखंडी पाइपांचा सांगाडा आणि चार चाकं. यशोदाबाई तणतणल्या, पण मुलगी पिंकी खूश. लहानपणी रविवारी साहेबांची परवानगी काढून बाप तिला याच जीपमधून इगतपुरीकडे, भावली धरणाच्या रस्त्याने न्यायचा. ती पुढची काच धरून उभी राहायची आणि समोरून येणाऱ्या एकूण एक माणसाला ओरडून ‘जयभीम’ घालायची. लोकही हसत हात वर करायचे.

पिंकी एकविसाव्या वर्षी आजारी पडली. आधी बोटं सुजली, मग गालांवर लाल चट्टे उठले, मग ताप काही हटेना. महिनाभर या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरल्यावर एका डॉक्टर मॅडमनी नाव सांगितलं: ल्युपस. शरीर आपलंच आपल्यावर उलटतं म्हणे. सांधे, कातडी, मूत्रपिंड, कशावरही. आणि या दुखण्याला ऊन अजिबात चालत नाही. “उन्हापासून जपा,” मॅडम म्हणाल्या.

जपायचं म्हणजे किती, हे सावळीरामने त्या दिवशी दहा प्रश्न विचारून घ्यायला हवं होतं. पण पोरीच्या दुखण्याचं ते नाव ऐकून त्याची मतीच गुंग झाली होती. घरी आला आणि त्याने खिडक्यांना जाड पडदे ठोकले. बी.एड.चं कॉलेज सुटलं. दवाखान्यात जायचं तेही दिवे लागल्यावर. दीड वर्ष पोरगी दिवसाची घराबाहेर पडली नाही. बोलकी, भांडकुदळ, हसरी पोर, पण पडद्याच्या फटीतून गल्ली बघत बसायची आणि कोण कुठे चाललंय ते आईला सांगायची. यशोदाबाई भाकऱ्या थापता थापता ऐकायच्या आणि डोळ्यांना पदर लावायच्या.

ऑक्टोबर लागला तेव्हा पिंकी एकदा म्हणाली, “पप्पा, एकदा दिवसा न्या ना मला भावलीला. जीपमधून. भात पिवळं झालं असेल आता.”

“बाळा, ऊन...”

“वर काहीतरी लावा की. तुम्ही तर सगळ्या दुनियेला विचारता. विचारा कुणाला तरी.”

झालं! माणूस कामाला लागला. दुसऱ्याच दिवशी जीप घेऊन सारडा सर्कलजवळ महेबूबच्या दुकानात. महेबूब चाळीस वर्षं गाड्यांचे हूड आणि सीटकव्हर शिवतोय, हात असा की टाका शोधून सापडणार नाही. त्याने जीपभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, “सावळीरामभाऊ, सीधी बात. रेक्झिनचा बंद हूड टाका. ऊन बंद, पाऊस बंद, विषय संपला.”

“आणि आभाळ?”

“आभाळ काय करायचंय?”

“पोरीला बघायचंय,” सावळीराम म्हणाला.

महेबूबने मग जाळ्या काढल्या. एक काळी, ओढली की ताणली जाणारी, हौशी लोक डोंगरात उघड्या जीप घेऊन जातात ते लावतात तशी. पण ती फारच विरळ. मग रोपवाटिकेवर घालतात ती हिरवी शेडनेट. तिच्यात पन्नास टक्के, पंचाहत्तर टक्के, नव्वद टक्के. जितके टक्के तितकी सावली, असा साधा हिशेब. सावळीरामने तिन्हींचे तुकडे मागून घेतले. तिथून थेट दिंडोरी रोडला, ओळखीच्या नर्सरीवाल्याकडे. तो म्हणाला, “काका, नाजूक रोपाला पंचाहत्तर लावतो आम्ही. एक पान करपत नाही.”

एवढ्यावर भागलं नाही. चार दिवस भर दुपारी हा गच्चीवर. तिन्ही तुकडे दोरीला बांधलेले, प्रत्येकाखाली जुन्या सीटचा एकेक तुकडा, आणि हा दर अर्ध्या तासाने उलटा हात लावून बघतोय. उन्हात उभी केलेली गाडी ड्रायव्हर अशीच बघतो. सीटला हात लावायचा. चटका बसला तर ऊन, नाही बसला तर सावली. एकतीस वर्षांत या हाताने त्याला कधी फसवलं नव्हतं. पन्नास टक्क्यांखालची सीट गरम लागली. नव्वदखाली गार, पण वर बघावं तर नुसता अंधार, पत्र्याखाली बसल्यागत. पंचाहत्तरखाली सीट गार आणि वरती आभाळ निळं दिसत होतं. सावळीराम तिथेच उकिडवा बसून लहान पोरासारखा हसला.

अरे बाबा, चटका म्हणजे का सगळं ऊन? तिचं दुखणं सीटच्या रेक्झिनला झालं होतं का? पण हे त्याला सांगणार कोण, आणि त्याला तरी ऐकायचं होतं का?

महेबूबला मात्र शंका आली. जाळीच्या कडेला रिंगा ठोकता ठोकता तो थांबला. “भाऊ, गरम-गार माझ्याकडून घ्या. पण पोरीच्या दुखण्याचं मला कळत नाही. डॉक्टरनीला विचारलंत ना?”

आणि विचारल्याशिवाय भोपळाही न घेणारा सावळीराम पटकन म्हणाला, “विचारलं ना. हो म्हणाल्या.”

विचारलं नव्हतं. त्या आठवड्यात तो दोनदा दवाखान्याच्या जिन्यापर्यंत गेला आणि खालूनच परत फिरला. कारण मॅडम नाही म्हणाल्या असत्या. नाही म्हणाल्यावर मग जाणं नाही. दीड वर्षात पोरीने एक गोष्ट मागितली होती, आणि ती एका शब्दासरशी मोडली असती. त्यापेक्षा झाकली मूठ बरी. घरी पिंकीनेही विचारलं, “पप्पा, मॅडमना विचारलंत?” तिलाही त्याने तेच सांगितलं. ती त्याच्याकडे क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, “मग ठीक.”

रविवारी सकाळी निघाले. घोटीच्या पुढे हवा बदलली, अंगावर शहारा यावा इतकी गार. दोन्ही बाजूंना भात पिवळंधमक, कुठे कापणी चाललेली. पिंकी मागे जाळीखाली बसली होती, आईने बळेच गुंडाळलेली ओढणी डोक्यावरून. धरणावर पोचल्यावर तिने ओढणी काढली, बाह्या वर सारल्या. यशोदाबाई ओरडल्या, तर बाप म्हणाला, “राहू दे गं, हात लावून बघ सीटला, बर्फ आहे नुसता.” त्यांनी भाकरी-ठेचा खाल्ला. पिंकी पाण्याकडे बघत तीन तास बोलत होती. शाळेत शिकवायला लागले की मुलांना सहलीला इथेच आणेन म्हणाली. परतताना बांधावरून चाललेल्या एका म्हातारीला तिने मोठ्याने ‘जयभीम’ घातला. म्हातारीला काही कळलं नाही, पण तिने हात हलवला. पिंकी इतकी हसली की तिला ठसका लागला. सावळीराम आरशात बघून रडत गाडी चालवत होता, खोटं कशाला सांगा.

तिसऱ्या दिवशी तिच्या हातांवर आणि गळ्यावर चट्टे पेटले. पाचव्या दिवशी ताप. दहाव्या दिवशी चेहरा आणि पाय सुजले, लघवी कमी झाली. दवाखान्यात भरती केल्यावर मॅडमनी तपासण्या बघितल्या आणि दुखणं मूत्रपिंडावर उतरल्याचं सांगितलं. मोठी औषधं चालू झाली, पुढे डायलिसिस. तिसऱ्या आठवड्यात मॅडम सावळीरामला बाहेर घेऊन गेल्या आणि औषधं लागू पडत नाहीत, मनाची तयारी ठेवा, असं म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, “मधे उन्हात गेली होती का हो ती?”

सावळीरामने सगळं सांगितलं. जाळी, टक्के, सीट, उलटा हात.

“काका, जाळीतून येतं ऊन. गार असलं तरी येतं. वर पाण्यावरूनही उलटून अंगावर येतं. अहो, मला विचारायचं होतं ना!”

“तुम्ही नाही म्हणाला असता, मॅडम.”

मॅडमनी चष्मा काढला. “मी का नाही म्हणेन? दीड वर्ष कोंडून ठेवा, असं कुणी सांगितलं तुम्हाला? पूर्ण बाह्या, तोंडाला लावायचं क्रीम, डोक्यावर बंद हूड, आणि दुपारी चारनंतर. जा म्हणाले असते मी. दर रविवारी जा म्हणाले असते.”

सावळीराम भिंतीला टेकला. वॉर्डातून कुणीतरी नर्सला हाका मारत होतं. मग तो नळावर तोंड धुऊन आत गेला.

पिंकी जागी होती. चेहरा सुजलेला, डोळे तेवढे तिचे. यशोदाबाई तिचे पाय चोळत होत्या. तो स्टुलावर बसला आणि एका दमात म्हणाला, “पिंके, मी खोटं बोललो. मॅडमना विचारलंच नव्हतं मी.”

यशोदाबाईंचा हात थांबला. पिंकीने मान हलवली.

“माहीत होतं मला, पप्पा. तुम्हाला खोटं कुठे बोलता येतं? कान लाल झाले होते तुमचे.”

“मग आलीस कशाला गं?”

“यायचंच होतं.” तिला धाप लागली. ती थांबली, पुन्हा बोलली. “बरं केलंत नाही विचारलं ते. विचारलं असतं तर मॅडम नाहीच म्हणाल्या असत्या. मग भावली राहिलंच असतं. हो ना?”

सावळीरामने तिचा सुजलेला हात आपल्या हातात घेतला. दारात मॅडम येऊन उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं.

“हो गं,” सावळीराम म्हणाला. “नाहीच म्हणाल्या असत्या.”