मोहाच्या गाठीतली चुन्याची डबी

भूतखेत, अंगात येणं, मांत्रिक... या भानगडींना मी जन्मात कधी भीक घातली नाही. आंजी मोठी गावात आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. तिथे गल्ल्यावर बसून मी अशा किश्श्यांची भरपूर टिंगल केली आहे. तेव्हा हे वाचून तुम्ही माझी केलीत तरी माझी तक्रार नाही.

१९९४ साली आमचे बाबा खेड्यांतून डिंक विकत घ्यायला म्हणून लूनावर गेले आणि परत आले नाहीत. लूना जंगलातल्या रस्त्याकडेला स्टँडवर नीट उभी सापडली, मागे रिकामी पोती बांधलेली. बाबा नाहीत, चप्पल नाही, काहीच नाही. पोलीस, फॉरेस्टवाले, गावची पोरं — सगळ्यांनी रान पिंजून काढलं. आई मात्र कुंकू लावत राहिली, आणि बाहेर लूना वाजली की हातातलं काम टाकून दारात येत राहिली. तिला तसं बघणं फार वाईट होतं.

बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहतात, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. २००६ च्या दिवाळीनंतर आई या विधीला आपणहून तयार झाली. "आता सोडा त्यायले. मलेबी सोडा," म्हणाली. मला रडू आलं, पण खरं सांगतो, हायसंही वाटलं.

विधीच्या आदल्या दिवशी सकाळी मी आणि धाकटा भाऊ विनू पळसाची पानं आणायला रानात गेलो. विनू पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये. येताना हातात मावणारं जीपीएस घेऊन आलेला. म्हणे जगभर लोक हा खेळ खेळतात, जिओकॅशिंग. कोणीतरी जंगलात डबा लपवतो, ठिकाणाचे आकडे इंटरनेटवर टाकतो, बाकीच्यांनी शोधायचा.

"भाऊ, आपल्या इकडं एकच हाय. अन् हे मशीन जवळच दाखवून राह्यलं."

"पयले पानं तोड. खेळ मंग."

पण पोतं भरल्यावर मीच म्हणालो, चल. घरी जायची घाई दोघांनाही नव्हती.

मशीन एका मोहाच्या झाडापाशी थांबलं. तिथे बुंधा, पालापाचोळा आणि मुंगळे, बाकी शून्य. विनूने दगड उलथले, ढोलीत काठी घातली. मी कंटाळून झाडाला हात टेकला... तर खोडावरची गाठ हलली. लाकडाचीच गाठ, वर मोहाचीच साल चिकटवलेली. फिरवली तर आत चक्क आटे! जन्म नटबोल्टात गेला, तरी नाकासमोरची वस्तू मला दिसली नव्हती. कारागिरी मानली बुवा.

आत प्लॅस्टिकचा डबा. त्यात की-चेन, काचेच्या गोट्या, एक परदेशी नाणं. आणि तळाशी बाबांची चुन्याची डबी, जी गेले त्या दिवशी त्यांच्या खिशात होती.

बाबांच्या डबीसारखी नव्हे — त्यांचीच. तिची बिजागरी तुटली तेव्हा मीच तांब्याची तार ओवून पीळ मारून दिला होता, टोक बोटाला लागू नये म्हणून आत वळवलं होतं. तो पीळ तसाच होता. विनूने झाकण उघडलं. चुना ओला होता, आणि त्यात नुकतंच बोट फिरवल्याची खूण.

डबीतला चुना फार दिवस ओला राहत नाही. तंबाखू खाणाऱ्या कोणालाही विचारा, वाळून खडा होतो.

मग मी — लोकांची टिंगल करणारा मी — "बाबा, ओ बाबा" म्हणून रानभर ओरडत फिरलो. घसा बसला. कोणी ओ दिली नाही.

"आईले नको सांगू," विनू म्हणाला. "उद्याचं होऊन जाऊ दे." त्याने डबी शर्टाच्या खिशात टाकली. घरी आल्यावर तो आंघोळीला गेला आणि आईने शर्ट धुवायला घेतला. खिसे तपासायची तिची सवय आम्हा दोघांच्याही ध्यानात राहिली नाही.

"हे काऊन लपवलं माह्यापासून?" ती दारात उभी होती. तिने झाकण उघडलं, नखावर चुना घेतला. "ओला हाय."

"आई, अवं कोनी तरी ठेवला असन..."

"जित्या मानसाले जाळाले निघालतो आपन. गुरुजीले सांगजो, येऊ नका म्हना."

आम्ही दोघांनी पुष्कळ समजावलं. ती पुन्हा दारात जाऊन बसली. पळसाची पानं पोत्यातच वाळली.

विनूने डबा लपवणाऱ्याला ई-मेल केली. उत्तर आलं: गेल्याच वर्षी लपवला, अजून कोणालाच सापडलेला नाही. आणि चुन्याची डबी म्हणजे काय असतं?

कोण्या लाकूडतोड्याला डबी सापडली असेल, त्याने वापरली असेल, मानतो. मग ती त्या गाठीत, आम्ही पानं तोडायला जायच्या दिवशी, कोणी ठेवली? मी पुन्हापुन्हा त्या झाडाशी गेलो. काही मिळालं नाही.

२००९ मध्ये आई गेली. शेजारच्या काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाबू, हिरवं लुगडं नेसवाचं का नाई?" सगळ्या बाया माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी म्हणालो, नेसवा.

सवाष्ण गेलेल्या बाईचं पान पितृपक्षात अविधवा नवमीला वाढतात, तिचा नवरा जिवंत असेपर्यंत. विश्वास नसूनही मी दरवर्षी वाढतो. ते कोणत्या वर्षी थांबवायचं, हे मला कोण सांगणार?