खाडीवर सोडलेली तीन पिल्लं

लग्नानंतर आम्ही डोंबिवली पश्चिमेला, तळमजल्यावरच्या जागेत राहायला आलो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मागच्या दारी एक मांजरी यायची. मी तिला दूध ठेवायला लागले आणि ती आमचीच झाली. पुढच्या वर्षी जिन्याखाली तिला पाच पिल्लं झाली. दोन ओळखीतल्यांनी नेली, तीन उरली. शेजारणींची कुरकुर सुरू झाली. माझे सासरे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, शांत स्वभावाचे. पण एक दिवस तेही म्हणाले, "सूनबाई, यांचं काहीतरी बघा."

मी बघितलं. पिल्लं जरा मोठी झाल्यावर एका दुपारी त्यांना टोपलीत घातलं, वरून जुनी ओढणी बांधली आणि रिक्षाने खाडीकडे गेले. तिथल्या बांधावर मासळी सुकत होती, पलीकडे खारफुटी, सगळं मोकळं. इथे यांना काय कमी पडणार, असं वाटलं. टोपली आडवी केली, मूठभर सुकट टाकली आणि मागे न बघता निघाले. घरी येऊन सासऱ्यांना सांगितलं, "चांगल्या जागी सोडून आले." माझी तशी खात्रीच होती.

आमच्याकडे मासळी घेऊन एक कोळीणमावशी यायच्या. त्यांचं घर त्याच बांधाजवळ होतं, हे मला माहीत नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात त्या दारात मांदेली निवडून देत होत्या. मी म्हटलं, "मावशी, खाडीवर हल्ली पक्षी दिसत नाहीत म्हणतात. कंपन्यांच्या पाण्याने सगळी वाट लावली." हे मी नेहमी तावातावाने बोलायचे.

मावशींनी मान वर केली नाही. "कंपनीनं मासली मारली, ती खरीच. पन टिटवीची अंडी खावाला कंपनीचा पानी बांधाव येत नाय. बांधाव मांजरां झालीत. कोनतरी आनून सोरली. तीन व्हती, आता मोजाला येत नाय."

"कसली मांजरं?" मी विचारलं.

"एक पिवली हाय, शेपटी आखूड. तीच लय वाईट. टिटवी जमिनीव अंडी घालते बाय, तिला झार नाय, घरटा नाय. या साली एक पन पिल्लू चाललेला दिसला नाय."

आखूड शेपटीचं पिवळं पिल्लू मीच टोपलीत सर्वांत शेवटी घातलं होतं. ते माझ्या मनगटाला चिकटून बसलेलं.

मावशी गेल्या. मी मासळी साफ करायला बसले आणि उठले. गॅलरीत गेले, परत आले. संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा भात करपलेला होता. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, मांजरं पक्षी खाणारच. तू काय मुद्दाम केलंस का?" मुद्दाम केलं नव्हतं, हे खरं. पण ते ऐकून बरं वाटलं नाही.

तीन दिवसांनी मी पत्ता विचारत मावशींच्या घरी गेले आणि ती मांजरं मीच सोडलेली, असं सांगून टाकलं. त्या बराच वेळ जाळ्याची गाठ सोडवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग आता धर." एवढंच. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

सासऱ्यांनी लाकडाच्या पट्ट्या आणि जाळी घेऊन पिंजरा केला. झडप कशी पडावी यासाठी त्यांनी चार चित्रं काढली. मी आठवड्यातून दोनदा पिंजरा घेऊन बांधावर जायचे, आत बोंबील लटकवायचे आणि मावशींच्या पडवीत बसायचे. बसवायचं नाही. सारखी उठून बघायचे. बांधाच्या मातीत अंड्यांच्या टरफलांचे तुकडे दिसायचे, कुठे राखाडी पिसं. पिवळी एकदा दहा हातांवर आली. मी घरातल्यासारखी हाक मारली. तिने माझ्याकडे बघितलं आणि खारफुटीत शिरली. तिचं पोट भरलेलं होतं.

पाचव्या खेपेला ती सापडली. ठाण्यात खोपटजवळ जनावरांचे एक डॉक्टर होते. पिंजऱ्यावर चादर टाकून मी तिला तिथे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, "कुत्र्यांसाठी लोक येतात. मांजरीच्या नसबंदीच्या ऑपरेशनला कुणी आलेलं मला आठवत नाही." त्यांनी तिचं ऑपरेशन केलं आणि पुढच्या आठवड्यात तिच्या आईचंही. बाकीची दोन कधीच हाती लागली नाहीत. एक मेली, असं मावशी म्हणाल्या. दुसरीचं आणि तिच्या पिल्लावळीचं काय झालं, कळलं नाही.

पिवळीला घरात ठेवलं. गॅलरीला जाळी लावली. ती दिवसभर जाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायची आणि मी स्वयंपाकघरातून तिला बघत राहायचे. सासरे म्हणाले, "हिलाही शिक्षाच झाली की." मांजरी घरात बंद, बाहेर चिमण्या निर्धास्त, आणि मला दोन्हींकडे बघवत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात मी मावशींना टिटव्यांचं विचारलं. "पल्याड एक वरडते," त्या म्हणाल्या, "आल्याड अजून नाय." त्याच्या पुढच्या वर्षी बांधाच्या आतल्या खाजणाच्या दलदलीत मातीच्या भरावाच्या गाड्या यायला लागल्या आणि मावशींचं घर नव्या इमारतींच्या मागे गेलं. आता टिटव्या आल्या नाहीत तर त्यात माझा वाटा किती आणि मातीच्या गाड्यांचा किती, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. नवरा म्हणाला, "बघ, तसंही सगळं जाणारच होतं." मी उठले आणि गॅलरीत पिवळीपाशी जाऊन बसले.