मोंढ्यातला नमुना

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, धोंडप्पाला सगळे 'नमुना' म्हणत, आणि त्यात चेष्टा निम्मीच होती. गुरुपादप्पाच्या आडतीवर पोत्यात टोकदार नळी खुपसून तुरीचा नमुना काढायचा, तळहातावर पसरायचा आणि भाव ठरायच्या आत एक विनोद सोडायचा, हे त्याचं काम. विनोद फुकट.

त्या दुष्काळात मोंढ्यात पोत्यांपेक्षा कबुतरं जास्त दिसायला लागली, आणि लातूरला तर प्यायचं पाणी रेल्वेनं यायला लागलं. त्याच लातूरच्या दवाखान्यात धोंडप्पाच्या बरगड्यांमधून सुई घालून फुफ्फुसाचा तुकडा काढला.

"जलमभर लोकांच्या पोत्यात नळी घातली," तो बायकोला, महानंदाला म्हणाला, "आज माझंच पोतं फोडलं की."

तुकड्यात कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. मग तोच तुकडा आणखी एका तपासणीसाठी मुंबईला गेला. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, गाठीत एक ठरावीक बदल सापडला तर रोज एक गोळी, घरी बसून. नाही सापडला तर सलाइनमधून औषध. आणि ते सोसायचं बळ यांच्या अंगात दिसत नाही.

"म्हंजे पॉझिटिव्हच यायला पायजे?" महानंदानं विचारलं.

"हो. आलं तर फार बरं."

ती चक्रावली. जावेचा टीबी, शेजारणीची कावीळ, प्रत्येक वेळी निगेटिव्ह मागून मागून देवालाही तीच सवय लागलेली. रोज पूजेला बसली की ती बजावायची, "ह्या बारीला उलटं हाय बरं का, महादेवा. नीट ऐक."

धोंडप्पाला मोबाइलचा कंटाळा, म्हणून दवाखान्यात नंबर गुरुपादप्पाचा दिलेला. एका सकाळी गुरुपादप्पा पेढ्यांचा पुडा घेऊन आला. मागं अर्धा मोंढा.

"वैनी, लातूरहून फोन आलता. निगेटिव्ह. कायबी निघालं न्हाई."

"नमुन्यात खडाच न्हाई म्हणा की," मागून शंकरप्पा हमाल म्हणाला.

महानंदानं चौकट धरली. "नीट ऐकलंत का, अण्णा?"

"दोनदा इचारलं. निगेटिव्हच."

तिनं बाजेकडं पाहिलं. धोंडप्पाला कळलं होतं. ती बोलणार, तेवढ्यात त्यानं जरा मान हलवली, नको म्हणून.

"आता एवढी वर्सं मागतोय तो उदगीर जिल्हा झाला की लातूरला जायचंच काम न्हाई," शंकरप्पा म्हणाला.

"जिल्हा आधी होतोय का मी आधी बरा होतोय," धोंडप्पा म्हणाला, "लावा पैज."

सगळे पोट धरून हसले. त्या हसण्यात त्याचा खोकलाही खपून गेला.

महानंदा आत जाऊन टँकरच्या पाण्याचा चहा ठेवू लागली. गुरुपादप्पा पेढा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आला. "तोंड गोड करा, वैनी." तिनं पेढा तोंडात घातला.

"सोमवारी बोलावलंय म्हणे डॉक्टरनं," तो म्हणाला. "निगेटिव्ह आल्यावर आता कशाला?"

"सलाइन लावायला."

"ताकदीचं?"

बाहेर पुन्हा हशा उठला. चहा उतू जायला आला होता. तिनं पदरानं पातेलं धरलं.

"हाव," ती म्हणाली. "ताकदीचं."