मेस्त्रीचा नारळ

आमचं धामापूरचं घर ज्यानं बांधलं, त्याला सगळे नुसतं मेस्त्री म्हणत. प्रत्येक चिरा तो थापीच्या मुठीनं ठोकायचा, कान देऊन ऐकायचा आणि मगच भिंतीत बसवायचा. पहिल्याच भेटीत मी न विचारताच त्यानं नकाशातलं स्वयंपाकघराचं दार हलवायला लावलं होतं, आणि ते बरोबरच होतं.

पायाच्या दिवशी तो नारळ घेऊन आला. मालक आणि मेस्त्रीनं मिळून देवाला गाऱ्हाणं घालायचं, मग कुदळ मारायची, ही इथली रीत. मी आधी कराराचा स्टॅम्पपेपर पुढे केला. त्यानं तो सावकाश वाचला, सही केली आणि नारळ माझ्या हातात दिला.

"कागद झालो. आता देवाक मदी कित्याक घालूचां?"

काम मुदतीत झालं, अगदी कागदाबरहुकूम. पण त्या दिवसानंतर त्यानं आपणहून काही सुचवलं नाही. पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा राहिलाय, हे मला पाणी घरात आल्यावर कळलं. मी त्याला गाठून विचारलं, "तुम्हाला दिसलं नव्हतं?"

"दिसलां," तो थापी पुसत म्हणाला. "पण कागदात नव्हतां."

कागद मीच लिहिला होता.

दर पावसात त्या खिडकीखाली फडकं पिळताना मला तो नारळ आठवतो. आम्ही पायाच्या दिवशीच दुपारी त्याची सोलकढी केली होती.