शब्दामागचा खेकडा

पवनीच्या नदीकाठच्या मोहल्ल्यात केवळरामाला लोक शब्दवाला म्हणायचे, अन् त्यात निम्मी चेष्टाच असायची. बापजाद्यांनी वैनगंगेत जाळी टाकली. हा गडीही टाकायचा, पण लक्ष भलतीकडेच. हातात मोबाईल आल्यापासून तर विचारूच नका! गोळ्यांच्या पाकिटावर एखादा इंग्रजी शब्द दिसला, की त्याचा आजा-पणजा हुडकल्याशिवाय याला घास गोड लागत नसे. बायको सखाबाई हसायची आणि मासळीची टोपली घेऊन अड्याळच्या बाजाराला निघायची.

यंदा तिच्या छातीत गाठ लागली. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं केवळरामाला बाजूला घेऊन सांगितलं, कॅन्सर आहे, लगेच नागपूरला न्या. त्यानं मान हलवली. बायकोला मात्र साधी गाठ आहे, एवढंच म्हणाला.

आणि मग या शहाण्यानं काय करावं? नागपूरची गाडी धरायची सोडून शब्दाच्या मागे लागला. कॅन्सर लॅटिनमधून आला, तिथं त्याचा अर्थ खेकडा. त्याआधीच्या ग्रीकमध्येही खेकडाच. आपली कर्क राससुद्धा त्याच घराण्यातली. जुन्या ग्रीक वैद्यांना गाठीभोवती फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या, म्हणून हे नाव. पोळा झाला, गणपतीही उठले. इकडे गाठ लिंबाएवढी झाली होती. भ्यायला होता तो, दुसरं काय! शब्द उकलत बसलं की गाठीकडे बघावं लागत नव्हतं.

एका दुपारी दोघं ओसरीत फाटलं जाळं सांधत बसले होते. बोलता बोलता त्याच्या तोंडून ती वैद्यांची गोष्ट निघून गेली. शब्द कोणता, ते त्यानं गिळलं.

सखाबाईचे हात थांबले. तळ्याच्या पाळीतल्या बिळांत हात घालून खेकडे काढण्यात तिचं बालपण गेलं होतं. खेकडा पकडला की कसा सोडत नाही, हे तिला कोणी सांगायला नको होतं. तिनं पदराखालून गाठ चाचपली.

"डॉक्टरनं तुमाले त्या केकड्याचाच शब्द सांगतला ना?"

केवळराम खाली मान घालून बसला.

"त्या वैद्यानं जिच्या अंगावर केकडा पायला," तिनं हळूच विचारलं, "ते बाई वाचली का जी?"

एवढं मात्र केवळरामानं कुठंच शोधलं नव्हतं. सखाबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.